कोणाची विकेट आधी पडली?

इंटरनेटचा स्पीड किती येतो, या प्रश्नाला सरळ उत्तर देणारा माणूस मला अजून भेटायचा आहे. मोटारसायकलचं ॲव्हरेज सांगताना लोक जसे लिटरमागे चार-पाच किलोमीटर पदरचे घालतात, तसे इथेही घालतात. फक्त इथे पदर मोठा असतो. "आमच्याकडे तीनशे आहे," असं बी विंगमधले काका लिफ्टमध्ये सांगतात. तीनशे काय, ते सांगत नाहीत. ऐकणाराही विचारत नाही. तो मनातल्या मनात आपले शंभर आठवतो आणि जायचं पाचव्या मजल्यावर असलं तरी तिसऱ्यावरच उतरतो.

हे तीनशे म्हणजे सेकंदाला तीनशे मेगाबिट. काकांकडे त्यांचा विनियोग असा होतो : सकाळी गुलाबाच्या फोटोसह सुप्रभात, दुपारी गुडघेदुखीवरचे व्हिडिओ आणि रविवारी रात्री ह्यूस्टनमधल्या नातवाचं दर्शन. खुद्द नेटफ्लिक्सच सांगतं की सिनेमा फोर-केमध्ये बघायला १५ मेगाबिट पुरतात आणि फुल एचडीला ५. म्हणजे काका मनात आणतील तर वीस टीव्ही लावून वीस सिनेमे एकदम बघू शकतात. घरात टीव्ही एक आहे. त्यावर काकू मालिका बघतात, आणि तीही डिशवर.

पुण्यातल्या कुठल्याही मध्यम वयाच्या सोसायटीत असतात तशा आमच्याकडेही इंटरनेट देणाऱ्या पाच-सहा कंपन्या आहेत. एक सरकारी, दोन-तीन अवाढव्य, आणि उरलेले आपल्या भागातले दादा. नवीन माणूस राहायला आला की तो पहिल्याच आठवड्यात सोसायटीच्या ग्रुपवर विचारतो, "इथे कोणतं नेट चांगलं आहे?" हा प्रश्न पडला की जे लोक मेंटेनन्सच्या मीटिंगला वर्षानुवर्षं फिरकले नाहीत, तेही बोलायला लागतात. एकाच कंपनीला एक जण "डोळे झाकून घ्या" म्हणतो आणि त्याच्या डोक्यावर राहणारा "डोळे उघडे ठेवून भोगतोय" म्हणतो. दोघेही खरं बोलत असतात. मोजण्याची रीत मात्र प्रत्येकाची स्वतःची.

पूर्वी ही भानगड नव्हती. १५ ऑगस्ट १९९५ ला व्हीएसएनएलने सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सुरू केलं तेव्हा टेलिफोनच्या तारेवरून सेकंदाला ९.६ किलोबिट यायचे. काकांचे तीनशे त्याच्या एकतीस हजारपट भरतात. तेव्हा तुलना कोणाशी करणार? सगळ्यांचं सारखंच रखडायचं. पुढे बीएसएनएलचा १७२२३३ हा नंबर फिरवला की मॉडेम घशात काहीतरी अडकल्यासारखा आवाज काढी, आणि तेवढ्यात नाशिकच्या मावशीचा फोन लागला नाही म्हणून मावशी महिनाभर रुसे. २००५ मध्ये डेटावन आलं, २५६ किलोबिटचं, आणि लोकांनी पेढे वाटले. मग रात्री दोन ते सकाळी आठ फुकट डाउनलोडची योजना आली. त्या काळात कोथरूड, सहकारनगर भागात पहाटे दोनला जेवढे दिवे लागलेले असत, तेवढे एरवी फक्त दहावीच्या परीक्षेआधी लागतात.

सरकारचं या बाबतीतलं समाधान मात्र वाखाणण्यासारखं आहे. २००४ च्या धोरणात २५६ किलोबिट म्हणजे ब्रॉडबँड. २०१३ मध्ये त्याचे ५१२ झाले. २०२३ मध्ये व्याख्या पुन्हा बदलली आणि आता किमान २ मेगाबिट मिळाले की तुमच्याकडे कायदेशीर ब्रॉडबँड आहे. या हिशेबाने आमच्या सोसायटीत दुःखी असण्याचा अधिकार एकालाही नाही.

तरीही आहेत. आमच्या वरच्या मजल्यावर बँकेतून निवृत्त झालेले एक साहेब राहतात. आयुष्यभर ऑडिट केलेलं. त्यांनी शंभरचं कनेक्शन घेतलं, एक मोठी फाइल उतरवायला लावली आणि घड्याळ घेऊन बसले. आकडा आला साडेबारा. "शंभर म्हटलंय, साडेबारा येतायत. बाकीचे साडेसत्त्याऐंशी कुठे गेले?" हा प्रश्न त्यांनी कंपनीच्या ऑफिसात जाऊन, लेखी, पोच घेऊन विचारला. कंपनी मोजते बिटमध्ये, कॉम्प्युटर दाखवतो बाइटमध्ये आणि आठ बिटांचा एक बाइट होतो, हे तिथल्या मुलीने त्यांना समजावून सांगितलं. साहेबांना ते समजलं, पटलं नाही. त्यांचं म्हणणं, की आठाने भागायचं होतं तर बिलालाही भागा. बिलाचं तर उलटंच. जाहिरातीत ४९९, त्यावर अठरा टक्के जीएसटी, आणि खात्यातून जातात ५८८ रुपये ८२ पैसे. ते ८२ पैसे साहेबांना साडेसत्त्याऐंशी मेगाबिटांहून जास्त छळतात.

सी विंगमधल्या आयटीतल्या मुलांची पद्धत शास्त्रीय. ती स्पीडटेस्ट लावतात. काटा सरकन तीनशेच्या पुढे जातो, स्क्रीनशॉट निघतो, ग्रुपवर पडतो. यात गोम अशी, की ही चाचणी तुमच्या जवळचा सर्व्हर शोधते, आणि जवळचा सर्व्हर पुष्कळदा तुमच्याच कंपनीने आपल्या जाळ्यात ठेवलेला असतो. म्हणजे मोजला जातो तो कंपनीच्या दारापासून कंपनीच्याच ओसरीपर्यंतचा रस्ता. तिथे खड्डे कोण ठेवील? खरा प्रवास पुढे आहे : आपल्या कंपनीच्या जाळ्यातून दुसऱ्याच्या जाळ्यात, तिथून वर्सोव्याच्या किनाऱ्याला लागणाऱ्या समुद्राखालच्या केबलमध्ये, आणि मग सिंगापूर नाहीतर युरोप. जानेवारी २००८ मध्ये इजिप्तमधल्या अलेक्झांड्रियाजवळ समुद्रातल्या केबल तुटल्या आणि इकडे भारतातलं इंटरनेट लंगडलं, तेव्हा आपल्या गल्लीतला केबलवाला दिवसभर शिव्या खात होता. त्याने अलेक्झांड्रिया नकाशातही पाहिलं नव्हतं.

त्याच मुलांतला एक रात्री गेम खेळतो. तो स्पीडबद्दल बोलतच नाही, पिंग सांगतो. पिंग म्हणजे निरोप जाऊन परत यायला लागणारा वेळ, सेकंदाच्या हजाराव्या भागांत. आकडा जितका कमी तितका मान जास्त. हे गणित काकांना लिफ्टमध्ये समजावण्याचा प्रयत्न त्याने केला होता. "तीस?" काका म्हणाले, "असू दे रे, हळूहळू वाढेल."

पण या सगळ्या मोजमापांना पुरून उरणारी, सोसायटीतल्या लहानथोरांना मान्य असलेली अशी एकच चाचणी आहे, आणि ती क्रिकेटची मॅच असली की आपोआप होते.

१९ नोव्हेंबर २०२३. अहमदाबादला वर्ल्ड कपची फायनल. त्या दिवशी हॉटस्टारवर एका वेळी ५ कोटी ९० लाख लोक बघत होते, असा विक्रम तेव्हा नोंदला गेला. त्यांतली बरीचशी मंडळी आमच्याच सोसायटीत असावीत. कोहली चोपन्नावर खेळत होता. कमिन्स धावत आला. आमच्या टीव्हीवर तो अजून बोलिंग मार्ककडे चालत निघाला होता, एवढ्यात डी विंगमधून "अरे देवा!" असं ऐकू आलं. मग ए विंगमधून एक "गेला!" मग वरच्या मजल्यावर खुर्ची सरकल्याचा आवाज. मग काही क्षण शांतता. आणि मग आमच्या घरात, सर्वांना सगळं माहीत असताना, कोहली बोल्ड झाला. दुःखसुद्धा शिळं मिळालं.

या ओरडण्याच्या क्रमावरून आमच्याकडे कंपन्यांची गुणवत्ता यादी लागते. कोण पहिला ओरडला, कोण दुसरा, कोण सगळ्यात शेवटी. दुसऱ्या दिवशी सकाळी जॉगिंग ट्रॅकवर निकाल पक्का होतो. डी विंगमध्ये नेट चांगलं आहे, असा डंका वाजला. डी विंगवाले तो नम्रपणे स्वीकारून मोकळे झाले. वास्तविक जिथून पहिला आवाज आला त्या घरात इंटरनेटच नव्हतं. आजी डिशवर मॅच बघत होत्या.

आता हे विलक्षण आहे. डिशचा सिग्नल जमिनीवरून निघून सुमारे छत्तीस हजार किलोमीटर वर उपग्रहापर्यंत जातो आणि तेवढाच खाली येतो. या बहात्तर हजार किलोमीटरच्या यात्रेला पाव सेकंद लागतो. आमचं फायबर कोपऱ्यावरच्या खांबावरून येतं आणि तरी मागे राहतं. कारण मोबाइलच्या किंवा टीव्हीच्या ॲपकडे मॅच काही-काही सेकंदांच्या तुकड्यांत येते, ॲप त्यांतले काही आधी साठवून ठेवतं आणि मग सावकाश दाखवायला घेतं, म्हणजे मध्येच चक्र फिरायला नको. तो वेळ ॲपचा असतो. कंपनी शंभरची असो की हजारची, त्यात फारसा फरक पडत नाही. हे मी ग्रुपवर लिहिलं होतं. त्याखाली तीन अंगठे आले आणि त्याच आठवड्यात दोन घरांनी कंपनी बदलली.

कंपनी बदलली की काय होतं, ते बघण्यासारखं असतं. नवा टेक्निशियन येतो. पाठीवर सॅक, हातात पिवळ्या केबलचं भेंडोळं. दारातच तो थबकतो आणि घरातले लोकही थबकतात, कारण मागच्या कंपनीच्या वेळी आला होता तोच हा मुलगा. फक्त गळ्यातलं कार्ड बदललेलं. "काका, मी आता इकडे आहे," तो म्हणतो. त्याने मागच्या वेळी भिंतीला पाडलेलं भोक त्याला पाठ असतं, त्याच भोकातून तो नवी वायर आत घेतो. तोच सोफा, त्याच सोफ्यामागे त्याच काटकोनात दुमडलेली केबल. फायबरमधल्या काचेच्या तंतूची जाडी जेमतेम ०.१२५ मिलिमीटर, तो वाकवला की उजेड बाहेर सांडतो, हे त्याला चांगलं ठाऊक आहे. पण वायर दिसता कामा नये, ही काकूंची अट असते. काकूंपुढे भौतिकशास्त्राचं काय चालणार? मग तो खिशातून उजेड मोजायचा मीटर काढून लावतो आणि तोंडाने च्यक करतो. "मायनस सत्तावीस येतंय काका. काठावर आहे." काका विचारतात, "चालेल ना?" तो म्हणतो, "चालेल. पण हलवू नका." पुढची दोन वर्षं त्या सोफ्यामागे केरसुणी जात नाही.

राऊटर बसतो तोही दाराच्या मागे, चपलांच्या स्टँडवर, कारण वायर तिथपर्यंतच पुरली. कंपनीचे तीनशे तिथवर इमानदारीने पोचतात. तिथून बेडरूमपर्यंत मध्ये दोन भिंती, एक लोखंडी कपाट आणि फ्रिज. शिवाय राऊटरच्या ज्या २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात निम्मी सोसायटी बोलते, त्याच पट्ट्यात मायक्रोवेव्हही गुरगुरतो, आणि एकमेकांच्या अंगावर न जाणारे चॅनेल त्यात तीनच आहेत : १, ६ आणि ११. चॅनेल तीन, राऊटर सत्तर. आमच्या बेडरूममधून वायफायची यादी उघडली की पुणेरी पाट्यांचं नवं दालनच उघडतं : "मागू_नये", "पैसे_भरा_आणि_वापरा", "दुपारी_१_ते_४_बंद". या गर्दीतून उरलेसुरले तीस मेगाबिट उशीपर्यंत पोचतात आणि शिव्या कंपनीला बसतात. कंपनीची बाजू घ्यायची माझी इच्छा नाही, पण इथे तिची बाजू आहे.

एरवी तिचा धंदा काकांच्या भरवशावर चालतो. खांबावरून येणाऱ्या एका तंतूत सेकंदाला साधारण अडीच गिगाबिट असतात, आणि स्प्लिटर लावून ते बत्तीस किंवा चौसष्ट घरांत वाटतात. बत्तीस घरांनी तीनशेचा प्लॅन घेतला आणि एका रात्री सगळ्यांनी एकदम तीनशे मागितले, तर वाट्याला ऐंशीसुद्धा येत नाहीत. यात फसवणूक नाही. एकाच जोडणीवर घरगुती ग्राहक किती लादावेत, याचं पन्नासास एक हे प्रमाण ट्रायनेच पूर्वी घालून दिलं होतं. सगळे एकदम मागणार नाहीत, हा हिशेब आहे. काका पैसे तीनशेचे भरतात आणि वापर तिनाचा करतात, म्हणून शेजारचा मुलगा निर्वेधपणे गेम खेळतो. उद्या सगळ्याच काकांनी आपापले तीनशे खरोखर वापरायला काढले तर सबंध विंग झोपेल.

आता भरवशाबद्दल. ट्रायच्या २००६ च्या नियमांत ब्रॉडबँड सेवा ९८ टक्के वेळ चालू हवी असं म्हटलं होतं. ९८ टक्के ऐकायला डिस्टिंक्शनसारखं वाटतं. तीस दिवसांच्या महिन्याचे सातशे वीस तास. त्याचे दोन टक्के म्हणजे चौदा तास चोवीस मिनिटं. एवढा वेळ नेट बंद असलं तरी कंपनी उत्तीर्ण. बरं, हे चौदा तास पहाटे गेले तर कोणाला कळणारही नाही. पण ते जातात सकाळी दहाला तत्काळचं बुकिंग उघडतं तेव्हा, सुनेचा इंटरव्ह्यू असतो तेव्हा, आणि शेजाऱ्यांना आपला नवा टीव्ही दाखवायला बोलावलेलं असतं तेव्हा.

आणि नेट गेलं, की अवाढव्य कंपनी आणि दादा यांच्यातला फरक कळतो. अवाढव्य कंपनीचं ॲप आहे. ॲप उघडायला नेट लागतं. मोबाइलच्या डेटावरून ते उघडलं की एक गोड आवाज विचारतो, "राऊटरवर लाल दिवा लुकलुकतोय का?" लुकलुकतोय. "राऊटर बंद करून पुन्हा चालू करा." केला. लुकलुकतोय. मग तक्रार क्रमांक मिळतो, आणि संध्याकाळी मेसेज येतो, की तुमच्या तक्रारीचं समाधानकारक निवारण झालेलं आहे. लाल दिवा तेव्हाही चालूच असतो, पण आता तो बेकायदा.

दादाचं असं नाही. दादा उपग्रह वाहिन्या नव्या होत्या तेव्हापासून या भागात आहे. गच्च्यांवरून त्याने आधी टीव्हीची जाडी काळी केबल ओढली, आता तिच्याच कडेने फायबर ओढलंय. त्याचा हेल्पलाइन नंबर म्हणजे त्याचा स्वतःचा मोबाइल, तो दहीहंडीच्या फ्लेक्सवरही असतो.

"दादा, नेट गेलंय."

"कधीपासून? बरं बरं. फायबर कट असेल. पाच मिनिटांत पोरगा पाठवतो."

पोरगा संध्याकाळी येतो. म्हणजे वेळ दोघांनाही तेवढाच लागतो. पण दादाला मधल्या काळात चार वेळा फोन करून झापता येतं, तो ऐकून घेतो, "घरी सगळे बरे ना?" विचारतो, आणि माणसाचा राग उतरतो. ॲपला झापून काही उतरत नाही. गणपतीत दादा वर्गणीला येतो तेव्हा मात्र बाजू उलटते. पाचशेच्या खाली पावती फाडली तर पावसाळ्यात वायर जास्त वेळा तुटते, असा आमच्या मजल्यावरच्या एकाचा दावा आहे. पुरावा नाही. पण दर वर्षी तो एक हजार एक देतो.

या बाबतीत जुन्या टेलिफोनची आठवण ज्येष्ठ लोक काढतात ती अगदीच गळेकाढू नाही. तांब्याच्या तारेवर एक्सचेंजमधल्या बॅटऱ्यांचा ४८ व्होल्टचा प्रवाह यायचा, त्यामुळे घरातली वीज गेली तरी फोन चालायचा. काचेतून वीज येत नाही. गुरुवारी दुरुस्तीसाठी लाइट गेले की पुण्यात पाण्यासोबत आता नेटही जातं. पुणेकरांनी गुरुवारचा उपास आधीपासून धरलेला होता म्हणून बरं.

आमच्या वरच्या मजल्यावर एक आयटीतलं जोडपं राहतं. दोघंही घरून काम करणारी, दोघांनाही अमेरिकेतल्या मीटिंगा. त्यांनी विचारपूर्वक दोन वेगळ्या कंपन्यांची दोन कनेक्शनं घेतली, एक पडली तर दुसरी असावी म्हणून. जुलैत सोसायटीच्या फाटकाजवळच्या गुलमोहराची फांदी पडली आणि दोन्ही एकदम गेली. दोन्ही कंपन्यांच्या वायरी त्याच फांदीवरून, एकाच प्लॅस्टिकच्या पट्टीने करकचून बांधलेल्या होत्या. बांधणारा मुलगा एकच होता, हे वेगळं सांगायला नको.

मग त्यांनी तिसरं कनेक्शन घ्यायचं ठरवलं, हवेतून येणारं. २०२३ पासून हे ५-जीवरचं घरगुती इंटरनेट मिळायला लागलंय : गच्चीवर एक छोटा पांढरा डबा टॉवरकडे तोंड करून बसवायचा, की फांदीचा प्रश्न मिटला. पण त्याआधी कमिटीचा प्रश्न आला. गच्चीला वॉटरप्रूफिंग केलेलं आहे, त्याची दहा वर्षांची गॅरंटी आहे आणि एक जरी भोक पाडलं तरी ती जाते, असं सेक्रेटरींनी सांगितलं. दोन मीटिंगा झाल्या. शेवटी रंगाच्या रिकाम्या वीस लिटरच्या बादलीत सिमेंट ओतून त्यात पाइप उभा करायचा आणि पाइपावर डबा लावायचा, असा ठराव झाला. भोक नाही, गॅरंटी शाबूत.

बादली गच्चीच्या उन्हाच्या कोपऱ्यात ठेवली, कारण टॉवर तिकडूनच दिसतो. त्याच कोपऱ्यात ए विंगमधल्या काकूंचे पापड वाळतात, गेली पंधरा-वीस वर्षं, आणि त्यांचा पापडांचा धंदा चांगला आहे. प्लॅस्टिकचा कागद पूर्ण पसरायचा तर बादली वीतभर सरकवावी लागते. सरकवली की डब्याचं तोंड टॉवरवरून फिरून मारुतीच्या देवळाकडे होतं. पावसाळाभर आणि थंडीभर उत्तम चाललेलं नेट मार्च उजाडताच दुपारी अकरा ते चार झोपायला लागलं. जोडप्याने तक्रार केली. कंपनीने तपासणीसाठी एक इंजिनिअर पाठवला, कंपनीचं नाव कोरलेली टोपी घातलेला. त्याने टॉवरच्या दिशेला मीटर धरला, देवळाच्या दिशेला धरला, बादली दोनदा फिरवून पाहिली आणि काकूंशी बराच वेळ बोलला. वहीत त्याने कारण लिहिलं : "स्थानिक हंगामी अडथळा." आणि जाताना शंभर उडदाच्या पापडांची ऑर्डर देऊन गेला.